घरात बसून निळा देवमासा: एमबारीच्या ध्वनिसंग्रहाचं परीक्षण, आणि सोबत तीन संकेतस्थळं

निळ्या देवमाशाबद्दलची बहुतेक माहिती आकड्यांपाशी संपते. लांबी पंचवीस ते तीस मीटर, वजन शंभर टनांच्या वर, खाणं क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे चिमुकले जीव. पाच मिनिटांत वाचून होतं, आणि पुढे काय करायचं ते कुणी सांगत नाही. बोटीतून समुद्रात जाणं ज्यांच्या आवाक्यात नाही त्यांच्यासाठी पुढची पायरी आहे ती आवाजाची. त्यासाठी आज उपलब्ध असलेली सर्वांत उपयोगी सेवा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटचा, म्हणजे एमबारीचा, ध्वनिसंग्रह. तो मोफत आहे, अफाट आहे आणि नवख्या माणसाला अजिबात सांभाळून घेत नाही.

मॉन्टेरे उपसागराबाहेर ८९१ मीटर खोलीवर, समुद्रतळाशी, एक हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, बसवलेला आहे. ५२ किलोमीटर लांबीच्या केबलने तो किनाऱ्याशी जोडलेला आहे. वीज केबलमधूनच मिळत असल्यामुळे बॅटरी संपायचा प्रश्न नाही, आणि जुलै २०१५ पासून रात्रंदिवस ध्वनिमुद्रण चालू आहे. मूळ मुद्रण सेकंदाला २ लाख ५६ हजार नमुन्यांचं (आवाजाच्या मोजमापांचं), म्हणजे २५६ किलोहर्ट्झचं. त्यावरून १६ किलोहर्ट्झ आणि २ किलोहर्ट्झ अशा दोन हलक्या आवृत्त्या काढलेल्या आहेत. तिन्ही ॲमेझॉनच्या खुल्या डेटासाठ्यात असतात आणि उतरवून घ्यायला खातं उघडावं लागत नाही.

याच हायड्रोफोनचं थेट प्रक्षेपणही एमबारी करते. निळ्या देवमाशासाठी त्याच्या नादी लागू नका. हंपबॅक या दुसऱ्या जातीच्या देवमाशाचं गाणं, डॉल्फिनच्या शिट्ट्या, जहाजांची घरघर हे सगळं त्यावर छान ऐकू येतं. निळ्या देवमाशाचा मूळ स्वर मात्र सुमारे १५ हर्ट्झचा (सेकंदाला १५ कंपनांचा), म्हणजे माणसाच्या कानाच्या २० हर्ट्झच्या मर्यादेखालचा. त्याच्या वरच्या पट्टीतला स्वर कानाच्या टप्प्यात येतो, पण फोनचा किंवा लॅपटॉपचा स्पीकर तेवढा खर्ज काढूच शकत नाही. तासभर ऐकून काही कळलं नाही, तर दोष ऐकणाऱ्याचा नाही. शिवाय देखभालीसाठी यंत्रणा बंद ठेवली की प्रक्षेपणही थांबतं.

म्हणून थेट संग्रहाकडे वळायचं, आणि तिथे २ किलोहर्ट्झचीच फाइल घ्यायची. पूर्ण दिवसाची एक फाइल सुमारे ५०० एमबीची असते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली की प्रकल्प डिस्कवर आणखी ७०० एमबीच्या आसपास जागा घेतो, कारण नमुने ३२ बिटांत साठवले जातात. एवढी जागा आधी मोकळी ठेवा. ‘मोठी फाइल म्हणजे चांगली फाइल’ या समजुतीने अनेक जण २५६ किलोहर्ट्झच्या वाटेला जातात. तिथे दहा-दहा मिनिटांचे तुकडे असतात, एका दिवसाला कित्येक जीबी लागतात आणि १०० हर्ट्झखाली पाहायचं असेल तर त्यातून जास्तीचं काहीही मिळत नाही.

फाइल उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ दिसू शकते याचा. फाइल रिकामी नसते, नमुन्यांची पातळी कमी असते एवढंच. ट्रॅकच्या मेनूतून ‘स्पेक्ट्रोग्राम’ (आवाजाचं चित्र: आडवी वेळ, उभी वारंवारिता) निवडा आणि त्याच्या सेटिंगमध्ये एवढ्या गोष्टी बदला: स्केल ‘लिनिअर’, किमान वारंवारिता १०, कमाल १००, विंडोचा प्रकार ‘हॅन’, विंडोचा आकार २०४८. चित्र काळंच राहिलं तर ‘गेन’ पाच-पाच डेसिबलने वाढवत न्या, आणि सगळंच पांढरं पडलं तर मागे या. मग पडद्यावर एका वेळी दहा ते पंधरा मिनिटं बसतील एवढं आडवं आखडून घ्या. चोवीस तास एकदम पडद्यावर घेतले तर हाक दिसणार नाही, नुसता रंगीत चिखल दिसेल.

विंडोच्या आकाराबद्दल थोडं सविस्तर, कारण नव्वद टक्के गोंधळ इथेच होतो. विंडो, म्हणजे खिडकी, हा एका वेळी तपासला जाणारा नमुन्यांचा तुकडा. सेकंदाला २००० नमुने आणि २०४८ नमुन्यांची खिडकी म्हणजे वारंवारितेत जवळपास एका हर्ट्झचा बारकावा आणि वेळेत एका सेकंदाचा. लांब, संथ स्वरासाठी हे नेमकं बसतं. हीच खिडकी १६ किलोहर्ट्झच्या फाइलवर लावली तर बारकावा आठ हर्ट्झवर घसरतो, आणि मग १५ हर्ट्झचा निळा देवमासा व २० हर्ट्झचा फिन व्हेल (देवमाशाचीच आणखी एक जात) एकाच जाड पट्ट्यात मिसळून जातात. तीच फाइल वापरायची असेल तर खिडकी १६३८४ ची हवी.

आता काय शोधायचं. ईशान्य पॅसिफिकमधल्या निळ्या देवमाशांच्या गाण्यात दोन मुख्य घटक असतात. ‘ए’ हाक म्हणजे तुटक ठोक्यांची मालिका. ‘बी’ हाक म्हणजे पंधरा ते वीस सेकंदांचा सलग हुंकार, शेवटाकडे किंचित उतरणारा. मूळ स्वर १५ हर्ट्झच्या आसपास असला, तरी स्पेक्ट्रोग्रामवर उठून दिसतो तो त्याचा तिसरा गुणज, म्हणजे जवळपास तिप्पट वारंवारितेचा स्वर, ४३-४४ हर्ट्झवर. आडवी, टोकाशी जरा खाली वाकलेली छोटी रेघ, मग मोकळी जागा, मग पुन्हा तशीच रेघ, असं तासन्‌तास चालतं. ही लय एकदा नजरेत बसली की जहाजाच्या गोंगाटातूनही ओळखू येते.

जुन्या पुस्तकांतले आकडे घेऊन बसलात तर मात्र फसाल. हा स्वर १९६० च्या दशकात सुमारे २२ हर्ट्झवर होता आणि तेव्हापासून सातत्याने खाली येतो आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ईशान्य पॅसिफिकमधली घसरण सुमारे ३१ टक्के भरली, आणि जगातल्या इतर समुद्रांतल्या निळ्या देवमाशांचीही गाणी खालीच सरकलेली आढळली. कारणांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. व्यवहारापुरतं एवढंच लक्षात ठेवायचं की १६ आणि ४८ हर्ट्झ असं लिहिलेलं जुनं टिपण हातात धरून २०१५ नंतरच्या फाइलींत ४८ वर शोधत राहिलात, तर रेघ चार हर्ट्झ खाली असेल. चांगला स्वाध्याय हवा असेल तर २०१६ आणि त्यानंतर चार-पाच वर्षांनी, दोन्हीकडे ऑक्टोबरमधलाच एकेक दिवस घेऊन रेघेची उंची मोजा. एकाच वर्षातल्या वेगवेगळ्या महिन्यांची तुलना करू नका.

ही गाणी नर गातात. ‘डी’ हाक मात्र नर-मादी दोघंही देतात. ती ९० हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन २५ पर्यंत दोन-तीन सेकंदांत घसरते आणि खाण्याच्या काळात जास्त सापडते. तिच्यासाठी २०४८ ची खिडकी फार आळशी ठरते आणि उताराची रेघ पसरट डाग होऊन जाते. ५१२ वर आणा.

फिन व्हेलचा ठोका एका सेकंदाचा, २० हर्ट्झच्या आसपास, आणि स्पेक्ट्रोग्रामवर उभ्या टाचणीसारखा. लांबी पाहिली तर घोटाळा व्हायचं कारण नाही. खरा त्रास जहाजांचा. त्यांच्या पंख्यांमुळे सारख्या अंतरावर आडव्या रेघा उमटतात आणि त्यातली एखादी बरोबर ४४ हर्ट्झवर येऊ शकते. कसोटी सोपी आहे: जहाजाची रेघ न तुटता कितीतरी मिनिटं चालते, आणि जहाज जवळून गेलं तर आजूबाजूला वाडग्याच्या आकाराचे वक्र पट्टे दिसतात. देवमाशाची रेघ वीस सेकंदांत श्वास सोडते.

पाहून झाल्यावर ऐकायचं. ट्रॅकच्या मेनूत ‘रेट’ २००० वरून २०,००० करा. आवाज दहापट वेगवान होतो, ४४ हर्ट्झचा स्वर ४४० वर येतो आणि साध्या हेडफोनवरही स्वच्छ ऐकू येतो. तासाभराची फाइल सहा मिनिटांत संपते. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, तो वेग वाढवतो पण स्वर तिथेच ठेवतो, म्हणजे हाती काहीच लागत नाही. मोजमापं मात्र रेट बदलण्याआधी घ्यायची, कारण नंतर स्पेक्ट्रोग्रामची उभी पट्टीही दहापट होते आणि वहीत ४४ च्या जागी ४४० जातं. इंटरनेटवर ‘ब्लू व्हेलचा आवाज’ म्हणून फिरणाऱ्या क्लिप बहुधा अशाच वेगवान केलेल्या असतात, आणि काही तर चक्क हंपबॅकच्या असतात. सुरावट चढ-उतारांची, करुण वगैरे वाटली तर तो निळा देवमासा नव्हे.

वेळेचा सापळा वेगळाच. फाइलचा दिवस जागतिक प्रमाण वेळेने मध्यरात्री सुरू होतो. तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. ऑक्टोबरात तिथली रात्र म्हणजे ढोबळमानाने फाइलमधले २ ते १४ हे तास. हे चुकलं तर या संग्रहातून शिकता येणारी सर्वांत सुंदर गोष्ट उलटी दिसेल. ती गोष्ट अशी: उन्हाळ्याच्या उत्तरार्धात आणि शरदात, जोवर खाणं चालू आहे तोवर, गाणं रात्री जास्त असतं. दिवसा क्रिल खोलवर दाट थव्यांनी असतं, तेव्हा देवमासे बुडी मारून खातात. रात्री क्रिल वर येऊन विखुरतं आणि गायला सवड मिळते. दक्षिणेकडे स्थलांतर सुरू झालं की प्रमाण फिरतं आणि दिवसाचं गाणं वाढतं. याच हायड्रोफोनच्या नोंदींवरून २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं. सप्टेंबर आणि डिसेंबर अशा दोन महिन्यांतले काही दिवस घेऊन, दर तासाला ‘बी’ हाका मोजून, चिकाटीचा कोणीही हे स्वतः तपासू शकतो. एका दिवसाच्या मोजणीवर निष्कर्ष काढू नका. एखादंच जहाज तीन तास झाकून टाकतं.

संग्रहाची मर्यादाही ठणठणीत सांगायला हवी. एका हायड्रोफोनच्या नुसत्या आवाजावरून दिशा कळत नाही, अंतर कळत नाही, किती देवमासे आहेत तेही कळत नाही. एवढा खर्जातला आवाज शेकडो किलोमीटर जातो. रेघ ठळक आहे म्हणून देवमासा उपसागरात आहे असं नाही. ऑडॅसिटीत दिसणारे डेसिबलही समुद्रातले नव्हेत. त्यासाठी हायड्रोफोनच्या संवेदनशीलतेची दुरुस्ती करावी लागते. गाणाऱ्यांची मोजदाद नको, गाण्याची करा.

‘कुठे’ या प्रश्नासाठी व्हेल सेफ हे संकेतस्थळ आहे. २०२० मध्ये ते सांता बार्बरा खाडीसाठी सुरू झालं आणि २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत वाढलं. बोयावरच्या, म्हणजे नांगरलेल्या तरंगत्या पिंपावरच्या, हायड्रोफोनने पकडलेल्या हाका, प्रत्यक्ष दिसल्याच्या नोंदी आणि समुद्राच्या स्थितीवरून निळ्या देवमाशांचा अंदाज बांधणारं प्रारूप, या तिन्हींवरून तिथे देवमासे असण्याची पातळी रोज ठरते. मुळात हे जहाजांसाठी आहे: पातळी चढली की वेग १० नॉटच्या आत ठेवा. विद्यार्थ्याने तिन्ही घटक वेगवेगळे उघडून पाहावेत, कारण ते एकमेकांशी जुळत नाहीत तेव्हाच शिकायला मिळतं. धुक्यात किंवा वादळात बोटी निघत नाहीत, नोंदी शून्य होतात, आणि प्रारूप मात्र ‘जास्त’ म्हणत असतं. शून्य नोंदी म्हणजे शून्य देवमासे नव्हेत.

फोटोंवरून देवमासे ओळखणारं हॅपीव्हेल छान आहे, पण हंपबॅकसाठी. शेपटीच्या खालच्या बाजूवरून आपोआप ओळख पटवण्यात त्याची खरी ताकद आहे. निळा देवमासा ओळखतात तो पाठीच्या ठिपकेदार नक्षीवरून आणि फार मागे असलेल्या लहानशा पृष्ठपराच्या आकारावरून. दोन्ही कुशींची नक्षी वेगळी, म्हणून दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. सराव म्हणून तिथले फोटो शेजारी ठेवून नक्षी जुळवून पाहा. डावी कूस डावीशीच ताडायची.

शेवटचं मूव्हबँक. उपग्रह-टॅगच्या नोंदींचा हा साठा आहे आणि त्यात ईशान्य पॅसिफिकमधल्या निळ्या देवमाशांच्या १९९३ ते २००८ च्या नोंदी मिळतात. सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल उतरवून नकाशावर टाकली की पहिल्याच झटक्यात काही देवमासे जमिनीवरून चालताना दिसतील. उपग्रहांवरून टॅगचं ठिकाण काढणाऱ्या आर्गोस प्रणालीत प्रत्येक ठिकाणाला दर्जा असतो: ३ म्हणजे चूक २५० मीटरच्या आत, २ म्हणजे ५०० पर्यंत, १ म्हणजे दीड किलोमीटरपर्यंत, ० त्याहून वाईट, ए आणि बी यांना अचूकतेची हमीच नाही, आणि झेड टाकाऊ. दर्जाच्या रकान्यावर गाळणी लावून आधी ३, २, १ एवढेच ठेवा. ठिपके फारच विरळ झाले तर ० आणि ए परत घ्या, पण दोन ठिकाणांमधला वेग ताशी २० किलोमीटरच्या वर निघाला तर त्यातलं एक काढून टाका.

कॅलिफोर्नियाचा किनारा, मेक्सिकोची बाखा कॅलिफोर्निया, आणि काहींच्या बाबतीत थेट कोस्टा रिकाजवळचा खुला समुद्र, ही वाट त्यातून स्वच्छ उमटते. हायड्रोफोनमधल्या दिवस-रात्रीच्या बदलाशी ती ताडून पाहायचा मोह होईल. ताडा, पण महिन्यांशी महिने. या टॅगच्या नोंदी २००८ ला थांबतात आणि हायड्रोफोन २०१५ मध्ये सुरू होतो, तेव्हा एखाद्या टॅगच्या देवमाशाचा आवाज संग्रहातल्या कुठल्याशा फाइलीला चिकटवण्याचा उद्योग करू नका.