ब्लॉक करावं की ‘फक्त मित्र’ राहावं?

नागपुरातल्या धरमपेठेतल्या मैत्रिणीचं प्रियकराशी नातं तुटलं. आता त्याचा नंबर ब्लॉक करू की बोलणं चालू ठेवू, हा तिचा प्रश्न.

त्रास बघाल तर ब्लॉकचा सुरुवातीला जबर. हात सारखा फोनकडे जातो. मैत्री आधी सोपी वाटते, पण रात्री अकराला ‘जेवलीस का?’ आलं की मन पुन्हा तिथंच. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: कधीमधी, अवचित मिळणारं बक्षीस सवय लवकर सुटू देत नाही. टिकाऊपणात म्हणूनच ब्लॉक सरस. खर्च दोन्हींत शून्य, फुटाळा तलावावरचा चहा सोडून.

आशा शिल्लक असेल तर ब्लॉकच. त्याच्या लग्नाची बातमी शांतपणे ऐकता येणार असेल, तर मैत्री चालेल. एकच ऑफिस किंवा मूल असेल, तर कामापुरतं, तेही दिवसाच बोला. झोप-जेवणच सुटलं असेल तर आधी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन, १४४१६.