आपोआप कापलेला विम्याचा हप्ता: शाखेत जावं की ‘बीमा भरोसा’वर लिहावं?

गणपतीच्या आदल्या आठवड्यात माझ्या खात्यातून २,९२० रुपये गेले. मेसेज आला तेव्हा मी गंगावेशीत दूध प्यायला थांबलो होतो, आणि तिथून कुंभार गल्लीत जाऊन मूर्तीचे उरलेले पैसे द्यायचे होते. ते पैसे त्याच खात्यात होते.

हप्ता एका अपघात विम्याचा. गाडीच्या कर्जाबरोबर तो माझ्या गळ्यात पडला होता. कर्ज फिटलं, कामाच्या ठिकाणी गटविमा मिळाला, आणि आदल्या वर्षीच मी कंपनीला फोन करून ‘पुढच्या वर्षीपासून नको’ असं सांगितलं होतं. पलीकडून ‘नोंद केली आहे, सर’ असं उत्तरही आलं होतं. त्या नोंदीचं काय झालं ते कंपनीलाच ठाऊक.

असा हप्ता कापला गेला की माणसापुढं दोन वाटा असतात. एक, ज्या बँकेतून पैसे गेले त्या शाखेत जाऊन बसायचं. दुसरी, विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकायची. मी दोन्ही केल्या, त्याही चुकीच्या क्रमानं.

वाट कोणतीही धरा, आधी मागायचं काय हे पक्कं करा. कंपनीचा माणूस फोनवर हमखास म्हणतो, ‘सर, फ्री लूक नूतनीकरणाला नसतो.’ त्याचं खरं आहे. पसंत नसेल तर पॉलिसी परत करायची ३० दिवसांची मुदत नव्या पॉलिसीला मिळते, नूतनीकरणाला नाही. तिथं वाद घालून घसा कोरडा करू नका. त्याऐवजी दोन मागण्या एकाखाली एक लिहा. पहिली: नूतनीकरणाला माझी संमती कधी आणि कशी घेतली ते दाखवा, नाहीतर पूर्ण रक्कम परत करा. दुसरी: ते जमत नसेल तर आजच्या तारखेपासून पॉलिसी रद्द करा आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता द्या. २०२४ च्या नियमांनुसार वैयक्तिक पॉलिसी मधेच रद्द करता येते, कारण द्यावं लागत नाही. मुदत वर्षभरापर्यंतची असेल आणि त्या काळात दावा केलेला नसेल, तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत द्यावे लागतात.

यातला ‘आजच्या तारखेपासून’ हा शब्द तेव्हा मी हलका समजलो होतो. २,९२० भागिले ३६५ म्हणजे दिवसाला बरोबर आठ रुपये. रद्द करायला सांगितल्याचा पुरावा ज्या तारखेचा, तिथं मीटर थांबतं. तोवर ते चालू.

आता शाखा. आपल्या कोल्हापुरात समोर जाऊन बोलल्याशिवाय काम झाल्यासारखं वाटतच नाही. मीही त्याच वळणाचा. राजारामपुरीतली शाखा घरापासून दहा मिनिटांवर, मॅनेजर तोंडओळखीचे. त्यांनी बसवून घेतलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. बोलण्यात उर्मटपणा अजिबात नव्हता, हे मुद्दाम सांगतो. त्यांचं म्हणणं इतकंच की पैसे आमच्याकडून गेले खरे, पण घेतले कंपनीनं. मी अर्ज लिहून नेला होता, तो पुढं केला आणि म्हटलं, ‘दुसऱ्या प्रतीवर पोच द्या.’

‘ठेवा की इथं. पोच कशाला पाहिजे? मी बघतो.’

याच एका वाक्यानं माझा निकाल लागला, फक्त ते मला चार आठवड्यांनी कळलं. दुसऱ्या खेपेला अर्ज ‘वर पाठवलाय’. तिसऱ्या खेपेला मॅनेजर रजेवर, खुर्चीत दुसरे साहेब, त्यांना अर्ज सापडेना. मी परत पहिल्यापासून सांगितलं: गाडीचं कर्ज, गटविमा, आदल्या वर्षीचा फोन. चौथ्या खेपेला नवा अर्ज. त्यावरही ‘आवकचा शिक्का ज्यांच्याकडे असतो ते जेवायला गेलेत.’ मी अर्धा तास थांबलो आणि वर्कशॉपवर माणसं खोळंबली म्हणून निघालो. भांडलो असतो तर शिक्का मिळाला असता बहुतेक. पण चहा पाजलेल्या माणसाशी भांडायचं कसं, हा आपला जुनाच घोळ.

त्याच रात्री पोर्टल उघडलं. दिसायला काही फार गोजिरवाणं नाही. मोबाईल नंबर टाकून नोंदणी, ओटीपी, मग तक्रारीचा प्रकार निवडायची यादी. त्या यादीत आपलं दुखणं नेमकं कुठं बसतं ते पटकन कळत नाही, मी दोनदा मागं जाऊन आलो. पासबुकाच्या नोंदीचा आणि पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला. वरच्या दोन मागण्या जशाच्या तशा लिहिल्या. सगळं मिळून पाऊण तास गेला असेल. शेवटी पडद्यावर टोकन नंबर आला, खाली तारीख. शाखेत चार खेपा घालून जे मिळालं नाही, ते रात्री साडेदहाला जेवून हात धुतल्यावर मिळालं. ज्यांना हे टंकणं जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा टोल फ्री नंबर आहे, त्यावर बोलूनही तक्रार नोंदवता येते.

पोर्टलचा फार मोठा दरारा आहे असं मात्र समजू नका. आयआरडीएआय स्वतः निवाडा करत नाही. तक्रार कंपनीकडेच जाते, फक्त नियामकाला दिसेल अशी जाते. कंपनीनं दोन आठवड्यांत तड लावावी असा नियम आहे. फरक पडतो तो तेवढ्यानंच. ज्या कंपनीचा फोन लागायला मला पंधरा मिनिटं गाणं ऐकावं लागायचं, तिचा तिसऱ्या दिवशी स्वतःहून फोन आला. बाई आधी म्हणाल्या, पॉलिसी ठेवलीत तर पुढच्या वर्षी सवलत देऊ. मी म्हटलं, जे काय आहे ते लेखी कळवा.

लेखी उत्तरात त्यांनी पॉलिसी घेतानाचा माझा मूळ अर्ज पाठवला. सहीच्या वर बारीक अक्षरात ‘दरवर्षी खात्यातून नूतनीकरणास संमती’ आणि शेजारी बरोबरची खूण. खूण माझ्या हातची वाटत नाही, पण सही माझीच. तेव्हा पहिली मागणी बारगळली आणि दुसरी चालली. बाराव्या दिवशी २,६९६ रुपये जमा झाले. २८ दिवसांचे २२४ कापले होते, म्हणजे हप्ता गेल्यापासून पोर्टलवर लिहीपर्यंतचे. शाखेतल्या पहिल्या अर्जावर पोच असती तर त्यातले बरेचसे वाचले असते. रक्कम एका घरच्या मिसळीच्या खर्चाएवढी, पण अजून सलते.

माझ्या एकट्याच्या अनुभवावरून शाखेला नापास करणं बरोबर होणार नाही. दुसऱ्या शाखेत, दुसऱ्या माणसापुढं उलटही घडू शकतं. आणि काही कामं शाखेचीच आहेत. उदाहरणार्थ, मे अखेरीला जाणारे ४३६ आणि २० रुपये, म्हणजे पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विमा. ते थांबवायला पोर्टलवर जाणं म्हणजे तक्रारच चुकीच्या दारात टाकणं. बँकेत बंद करण्याचा अर्ज द्या, तोही मेच्या मधल्या आठवड्याआधी. आमच्या शेजारच्या काकांचे दोन बँकांतून दोनदा ४३६ जात होते आणि ‘दुप्पट मिळणार’ म्हणून ते खुशीत होते. माणूस एक तर संरक्षण एकदाच, दोन लाखांचं. दुसऱ्या खात्यातला हप्ता वाया. मी सांगितलं तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

हप्ता कार्डावरून किंवा यूपीआय ऑटोपेवरून जात असेल तर तुमचं काम बरंच सोपं आहे. कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पैसे जायच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि नकार देता येतो. यूपीआयचं ऑटोपे ॲपमध्येच बंद होतं. मेसेज न वाचता पुसायची सवय तेवढी सोडावी लागते. माझा हप्ता खात्यावरच्या जुन्या मॅन्डेटवरून, म्हणजे आपोआप पैसे कापायला बँकेला दिलेल्या परवानगीवरून गेला, म्हणून एवढं रामायण.

आणखी वरच्या पायऱ्याही आहेत. त्यांवर चढायची वेळ माझ्यावर आली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. कंपनीनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा पटणारं दिलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. कोल्हापूर पुण्याच्या कार्यालयाखाली येतं, ते नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील चालत नाही, तक्रार ऑनलाईनही देता येते. बँकेनं मॅन्डेट नसताना पैसे कापले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांची वाट वेगळी. तिथंही आधी बँकेकडे तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि तक्रार केल्याचा पुरावा मागतात. म्हणजे परत पोच आलीच. जिल्हा ग्राहक आयोग तर गावातच आहे आणि एवढ्या रकमेला फीही पडत नाही. पण तीन हजारांसाठी तारखांना जायची चिकाटी माझ्यात नाही. तुमच्यात असेल तर नमस्कार.

एका बाबतीत मात्र थांबून विचार करा. कापलेला हप्ता आरोग्य विम्याचा असेल तर रागाच्या भरात रद्द करू नका. जुन्या आजारांना संरक्षण मिळण्याआधी जो प्रतीक्षा काळ काढावा लागतो, त्यातली वर्षं भरत आलेली असतात, आणि दुसरी सोय न लावता पॉलिसी सोडली की ती वर्षं गेली. गाडीच्या थर्ड पार्टी विम्याचंही तसंच, दुसरी पॉलिसी दाखवल्याशिवाय तो रद्द होत नाही. आणि तक्रारीनंतर ‘आयआरडीएआयमधून बोलतोय, तुमचा बोनस अडकलाय’ असे फोन आले तर सरळ ठेवून द्या. ती संस्था विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही.

तेव्हा पैसे परत हवे असतील तर, माझं विचाराल तर, पहिल्याच दिवशी पोर्टल. शाखेत जरूर जा, पण खिशात टोकन नंबर घेऊन जा.

मला परत शाखेत जावंच लागलं. पैसे आले तरी मॅन्डेट जिवंत होतं, आणि ते मारायचं काम पोर्टलचं नाही. या वेळी अर्जाच्या दोन प्रती, पासबुकाची झेरॉक्स आणि सकाळची पहिली वेळ. काउंटरवर एक नवीन पोरगी होती. तिनं अर्ज वाचला, काही न विचारता दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, सही केली आणि माझा जुना अर्ज संगणकात शोधायला लागली. सापडला नाही. मान वर करून म्हणाली, ‘मागच्या वेळी पोच घेतली नव्हती काय ओ तुम्ही?’

मी काही बोललो नाही. शिक्क्यावरची तारीख नीट उठली आहे का, तेवढं बघून घेतलं.