दुनळीचा कर्ता कोण? नाशिकच्या एका बंदूक-दुकानाचा अनुभव

वारसाने आलेल्या बंदुकीची साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती करून देणारी परवानाधारक दुकाने मिळतात. मात्र त्या बंदुकीविषयी घरात चालत आलेल्या, एकमेकींशी न जुळणाऱ्या हकिकती पारखून देणारा कारागीर क्वचितच भेटतो. जुन्या नाशकातील ज्या दुकानात आम्ही निफाडच्या घरातील बारा बोअरची दुनळी नेली, तेथे असा एक कारागीर आहे.

बंदुकीवर विल्यम एव्हन्स हे नाव आहे. मोठे काका सांगत आले, की एव्हन्स हा लंडनच्या पर्डी कंपनीतला कारागीर आणि ही दुनळी त्याने तेथे नोकरीत असतानाच स्वतःच्या हाताने घडवली. आत्यांचे म्हणणे असे, की तो पर्डीकडे कधी नव्हताच, हॉलंड अँड हॉलंडकडे होता. दोघांनीही हे आजोबांच्याच तोंडून ऐकले, हे विशेष.

कारागिराने आधी परवाना पाहिला, वहीत नोंद केली आणि मगच बंदुकीला हात लावला. पुढचे लाकूड काढून त्यांनी नळ्या वेगळ्या केल्या, बुडाचा सपाट भाग तेलाच्या फडक्याने पुसला आणि भिंग आमच्या हाती दिले. नळ्यांवरच्या पट्टीवर ‘फ्रॉम पर्डीज, 63 पेल मेल, लंडन’ असा मजकूर होता. बुडाशी मात्र मुकुटाखाली बीव्ही, बीपी आणि एनपी अशी अक्षरे होती. ही अक्षरे बर्मिंगहॅमच्या तपासणीगृहाची असून 1904 च्या नियमांपासून वापरात आली. नळ्या लंडनला तपासल्या असत्या तर तेथील गनमेकर्स कंपनीचा जीपी हा छाप दिसला असता. नळ्या मागाहून बदलल्या असतील, ही शंका आम्ही काढण्यापूर्वीच त्यांनी नळ्या, खटक्याची पेटी आणि पुढचे लाकूड या तिन्हींवरील एकच अनुक्रमांक दाखवला.

यावरून उलगडा होत गेला. एव्हन्सने पर्डी आणि हॉलंड अँड हॉलंड या दोन्ही ठिकाणी काम केले होते आणि 1883 मध्ये स्वतःचे दुकान थाटले. पर्डीचे नाव तो पुढेही आपल्या मालावर कोरत राहिला, कारण त्या नावाने गिऱ्हाईक येत असे. म्हणजे त्याच्या नोकरीविषयी काका आणि आत्या दोघेही निम्मे बरोबर होते. परंतु 1904 नंतरचे छाप असलेली बंदूक तो पर्डीच्या नोकरीत असताना घडवणे शक्यच नव्हते. स्वतःच्या हाताने घडवल्याची गोष्टही टिकत नाही, कारण त्याच्या नावाने विकलेल्या कितीतरी बंदुका बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत तयार होत, आणि आमची दुनळीही 1875 च्या अॅन्सन-डीली पद्धतीची, म्हणजे खटक्याचे सगळे भाग एकाच पेटीत बसवलेल्या साध्या घडणीची आहे. काकांना हे रुचलेले नाही. कागदावर लिहून द्या, असे ते म्हणाले.

येथेच दुकानाची उणीव लक्षात आली. एवढी बारकाईची पारख त्यांनी तोंडीच सांगितली. छापांचे वर्णन आणि निष्कर्ष सही-शिक्क्यानिशी मिळावेत म्हणून बराच आग्रह धरावा लागला, आणि मिळाला तो कागदही त्रोटकच होता. शिवाय गल्ल्यावरचा तरुण नळ्यांना नवा निळा मुलामा देण्याचा आग्रह करत होता. मुलाम्याआधी नळ्या घासाव्या लागतात, त्यात छापांची आणि नावाची धार जाते. कारागिराने स्वतःच त्याला गप्प केले, ही समाधानाची बाब. वारसाची वस्तू चकचकीत करून आणण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

सर्वांत उपयोगी काम मात्र आम्ही न मागता झाले. त्यांनी काडतुसाचे घर मोजले. ते अडीच इंचांचे निघाले. पावणेतीन इंची काडतूस त्यात बसते, पण उडताना त्याचे तोंड उघडायला जागा अपुरी पडते आणि दाब वाढतो. तशी चिठ्ठी त्यांनी दस्त्याला बांधून दिली आहे.

शुल्क माफक आहे, पण घाई असणाऱ्याने येथे जाऊ नये. परवान्याची मूळ प्रत सोबत हवीच, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागण्याच्या सुमारास जाणे टाळावे, कारण त्या दिवसांत बंदुका जमा करणाऱ्यांची रीघ असते आणि कारागिराला भिंग हाती घ्यायलाही सवड मिळत नाही.