इग्वाना विकला, पेपर अजगराचा दिला आणि बल्ब साधा

डोंबिवलीत राहतो, मुलगा आठवीत. त्याला दोन वर्षांपासून इग्वाना, म्हणजे तो परदेशी हिरवा सरडा, पाहिजे होता, मी आपलं उडवून लावायचो पण सातवीत मार्क चांगले पडले आणि मी आधीच हो बोलून बसलेलो. इन्स्टावर एक पेज सापडलं, हिरवीगार पिल्लं, माणूस गोड बोलणारा, दर वाक्याला दादा. "दादा पेपरसकट आहे, परिवेशवर रजिस्टर्ड, टेन्शनच नाही." परिवेश म्हणजे असे परदेशी प्राणी नोंदवायचं सरकारी पोर्टल. पिल्लू 14 हजार, वर यूव्हीबी बल्ब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा, 2200. सगळे पैसे आधीच जीपे केले, अक्कल गहाण दुसरं काय.

पिल्लू आलं ट्रॅव्हल्सच्या बसने, रात्रभर प्रवास करून, मिठाईच्या खोक्यात. खोक्याला कर्कटकने भोकं पाडलेली, आत एक पायमोजा, मोज्याला गाठ आणि त्यात ते. ड्रायव्हरने वर 300 घेतले. तेव्हाच समजायला हवं होतं, पण पोरगा इतका खूश की मी पण गप्प.

विकणाऱ्याने सांगितलेलं, पालक काकडी द्या, अधूनमधून उकडलेलं अंडं, बल्ब दिवसभर चालू ठेवा, टँक छोटा ठेवला तर दीड फुटाच्या वर जात नाही. आम्ही अगदी तस्संच केलं.

तिसऱ्या महिन्यात तो फांदीवरून सटकायला लागला. मग मागच्या पायाची बोटं थरथरायची, आम्हाला वाटलं थंडी वाजतेय म्हणून टँकवर टॉवेल टाकला. एक दिवस पोरगा म्हणाला बाबा याचा जबडा खोडरबरसारखा लागतोय, मी हात लावून बघितला तर खरंच, खालचा जबडा दाबला की वाकत होता.

कुत्र्यामांजरांच्या दोन डॉक्टरांनी आम्ही हे बघत नाही म्हणून सांगितलं. शेवटी मुंबईत असे परदेशी प्राणी बघणाऱ्या एक डॉक्टर मॅडम मिळाल्या, त्यांनी फोनवरच सांगितलं बल्ब काढून सोबत आणा. एक्स-रेत हाडं जेमतेम दिसत होती, धुरकट. मग त्यांनी तो बल्ब लावून खाली यूव्हीचं मीटर धरलं. शून्य. काचेवरचा छाप घासून काढलेला साधा पिवळा बल्ब, 2200 रुपयांचा! यूव्हीबी मिळालं नाही तर इग्वानाच्या कातडीत व्हिटॅमिन डी3 तयार होत नाही, डी3 नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, मग शरीर हाडांतूनच ओढून घेतं. त्यात पालकातलं ऑक्झलेट आहे तेवढं कॅल्शियम पण बांधून ठेवतं, आणि हा प्राणी पूर्ण पालेभाजीवाला, अंडं कशाला. काचेतून येणारं ऊन पण उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. आणि दीड फूट वगैरे थाप, शेपटीसकट पाच फूट सहज होतो म्हणे.

मी ऐटीत लॅमिनेट केलेला पेपर पुढे केला. मॅडमनी वाचला आणि हसूच आलं त्यांना, प्रजातीच्या रकान्यात पायथन रेगियस, म्हणजे बॉल पायथन! कुणाच्या तरी अजगराच्या नोंदणीची झेरॉक्स. तीन महिने घरात होता तो कागद आणि मी तो रकाना वाचलाच नाही. तसाही दुसऱ्याच्या नावाचा कागद आपल्या कामाचा नसतोच, परदेशी प्राण्यांच्या नोंदणीच्या 2024 च्या नियमांप्रमाणे प्राणी घेतल्यावर 30 दिवसांत आपल्या स्वतःच्या नावाने परिवेश पोर्टलवर नोंदणीचा अर्ज करायचा असतो.

विकणाऱ्याला फोन केला तर दादा गायब, सरळ अरेतुरे. "प्राणी तुझ्या घरात आहे, फॉरेस्टला मीच कळवू का?" हाच त्यांचा खरा धंदा, आपण घाबरून गप्प बसतो. मी पण दोन आठवडे बसलो, खोटं कशाला बोलू. मग 1930 ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली, तोवर खूप उशीर झालेला, पैसे येतील असं वाटत नाही. वनविभागाच्या ऑफिसला मात्र स्वतःच गेलो, चॅट आणि जीपेचे स्क्रीनशॉट, तो अजगराचा पेपर सगळं जमा केलं, जबाब दिला. कुणाला थेट जायची भीती वाटत असेल तर 1926 ही वनविभागाची हेल्पलाइन आहे.

इग्वाना जगलाय. जबडा थोडा वाकडाच राहणार. रोज सकाळी गॅलरीत जाळीच्या पिंजऱ्यात तासभर कोवळं ऊन, अर्धी सावली ठेवून, आणि शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं. जास्वंदीचं फूल दिसलं की डोळे मिटून खातो येडा. खऱ्या बल्बला छापील मॉडेल नंबर आहे, आणि तो पेटत असला तरी वर्षाच्या आत बदलायचा म्हणे, यूव्हीबी आधीच संपतं.

परवा ऑफिसमधल्या एकाने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला, भावाला घ्यायचाय, कसा वाटतो. पेजचं नाव नवीन, पण टेबलावरची निळी चादर तीच आणि बाजूला तोच बल्ब, आता 2600. त्याला एक्स-रे पाठवून दिला.