क्लच पेडल जड झाले : केबल बदलावी की गिअरबॉक्स उतरवून पूर्ण संच?

क्लच दाबताना पाय भरून येऊ लागला की बहुधा दोन सल्ले मिळतात. एक, केबल बदलून पाहा. दुसरा, गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी घर्षणाची चकती), प्रेशर प्लेट (ती चकती दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलणारे) असा पूर्ण संच बसवून घ्या. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर असतात. चूक होते ती गाडी न तपासता त्यांतला एक निवडण्यात, आणि ती मी स्वतः एकदा केली आहे. नवी केबल टाकल्यावर पेडल थोडे हलके झाले आणि दोन महिन्यांत पुन्हा पूर्वीइतकेच जड झाले. दोष रिलीज फोर्कच्या (रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या काट्याच्या) दांड्याच्या बुशमध्ये, म्हणजे तो दांडा ज्या कड्यात फिरतो त्यात, होता आणि त्या घट्ट बुशशी झुंजून नवी केबलही खराब होऊ लागली होती.

निर्णयाआधीची तपासणी अवघड नाही. इंजिन बंद आणि थंड असताना, हँडब्रेक ओढून, केबलचे गिअरबॉक्सकडचे टोक क्लच लिव्हरमधून (रिलीज फोर्क हलवणाऱ्या, गिअरबॉक्सबाहेरच्या दांड्यातून) सोडवावे आणि पेडल हाताने दाबून पाहावे. आता पेडलला फक्त केबलची तार ओढायची असल्यामुळे ते सहज खाली गेले पाहिजे. तरीही ते अडखळत असेल, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशमध्ये आहे. ते सहज जात असेल, तर जडपणा लिव्हरच्या पलीकडे आहे आणि नवी केबल हा त्यावरचा उपाय नव्हे. काही गाड्यांत पेडलपाशी एक मदतीची स्प्रिंग असते, जी अर्ध्या वाटेनंतर पायाला साथ देते. ती तुटली किंवा जागेवरून सरकली तरी पेडल जड लागते, म्हणून डॅशबोर्डखाली टॉर्च धरून तेही पाहून घ्यावे.

केबलचा दोष डोळ्यांनी ओळखता येतो. बाहेरचे आवरण जिथे तीव्र वळण घेते तिथे आतले अस्तर आधी झिजते, मग तार धातूवर घासू लागते, आणि टोकापाशी एखादा तुटलेला धागा सुईसारखा बाहेर आलेला दिसतो. असा एक धागा दिसला तरी केबल बदलायलाच हवी, कारण उरलेले धागे तोच भार वाहत असतात आणि शेवटी रस्त्यात पेडल एकदम तळाला जाते. तेल सोडून वेळ मारून नेण्याचा मोह टाळावा. आजच्या बहुतेक केबलींना आत प्लास्टिकचे गुळगुळीत अस्तर असते. तिथे तेल सोडले की त्याला धूळ चिकटते आणि थोड्याच दिवसांत केबल पूर्वीपेक्षा जड होते.

पूर्ण संचाचे काम त्या मानाने मोठे आहे, पण ज्या गाडीचे पेडल वर्षानुवर्षे हळूहळू जड होत गेले आहे तिथे बहुधा तेच खरे उत्तर असते. क्लच प्लेट झिजून पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे (इंजिनच्या जड चाकाकडे) सरकते, डायफ्राम स्प्रिंगची (प्रेशर प्लेटमधल्या ताटलीसारख्या स्प्रिंगची) मधली बोटे गिअरबॉक्सकडे मागे येतात, आणि स्प्रिंगचा कोन असा बदलतो की तीच दाबायला अधिक जोर लागतो. त्यामुळे पेडल जड होण्याबरोबरच क्लच अगदी वर येऊन पकडू लागला असेल, किंवा चौथ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, तर केबलवर खर्च करू नये. गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर एकटी प्लेट बदलून जुनी प्रेशर प्लेट आणि जुने बेअरिंग परत चढवणे मला मुळीच पटत नाही. भाग वाचतो, पण तो बिघडला की तीच सगळी मजुरी पुन्हा भरावी लागते.

हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलच नसते, पेडलचा जोर नळीतल्या द्रवातून जातो, म्हणून प्रश्नाचे रूप बदलते. तिथे स्लेव्ह सिलिंडरच्या (क्लचकडच्या, फोर्क ढकलणाऱ्या सिलिंडरच्या) निपलला, म्हणजे हवा काढण्याच्या तोटीला, नळी जोडून, तिचे टोक बाटलीतल्या क्लचच्या द्रवात बुडवून, निपल सैल करावा आणि पेडल दाबावे. पेडल हलके झाले तर भार स्लेव्ह सिलिंडरपाशी किंवा त्यापलीकडे आहे. जडच राहिले तर मास्टर सिलिंडर (पेडलकडचा), होज (दोघांमधली रबरी नळी) किंवा पेडलचे बुश संशयित ठरतात. होज आतून फुगली की पेडल जड लागतेच, शिवाय परत यायला उशीर करते. टाकीत चुकून खनिज तेल पडले असेल तर रबरी सील फुगतात आणि नुसता द्रव बदलून भागत नाही. ज्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, बेअरिंगला जोडूनच असतो, तिथे तो बिघडला तरी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मग संच त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे.

मधली परिस्थिती सर्वांत फसवी असते : केबल चांगली, क्लच घसरत नाही, तरी पेडल जड. अशा वेळी सोडवलेला लिव्हर हाताने हलवून पाहावा. बेअरिंग स्प्रिंगला टेकेपर्यंतचा त्याचा थोडासा प्रवास मोकळा हवा. तिथेच तो करकरत असेल, तर फोर्कचे बुश किंवा बेअरिंग ज्या नळीवर सरकते ती नळी गंजलेली आहे. बाहेरून तेलाचा फवारा मारून काही दिवस आराम पडेल, पण तो फवारा प्लेटवर गेला तर क्लच घसरू लागेल, म्हणून हा मार्ग मी सुचवणार नाही. गिअरबॉक्स उतरवूनच बुश बदलावे, स्प्लाइनवर (क्लच प्लेट ज्या खाचांवर सरकते त्यांवर) ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा, आणि गिअरबॉक्स परत चढवण्याआधी फोर्क बोटाने मागेपुढे करून तो कुठेही न अडता फिरतो हे स्वतः पाहावे.