खानापूर रोडवरची नर्सरी आणि पॅशनफ्रूटचं कलम

परड्यात पॅशनफ्रूटचा वेल लावायचा विचार असेल तर रोप बेळगावच्या खानापूर रोडवरच्या नर्सरीतून आणा, असं मी अगदी मनापासून सांगेन. रोपं चांगली आहेतच. त्याहून मोलाचं म्हणजे तिथले काका रोप द्यायच्या आधी विचारतात: घर कुठं, माती कसली, ऊन किती, मांडव घालणार की कंपाउंडवर सोडणार? मी म्हटलं, अनगोळ, तांबडी माती, दुपारपर्यंत ऊन, जागा एकाच वेलापुरती. मी हातात घेतलेलं पिवळ्या जातीचं रोप त्यांनी तिथंच खाली ठेवायला लावलं.

"एकच न्यायचं असलं तर पिवळं नेऊ नका ताई. मांडव भरेल, फुलं येतील, फळ धरायचं नाही."

खरं आहे ते. पिवळ्याला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारी दुसऱ्या बियांचा वेगळा वेल लागतो. शिवाय पिवळं सखल, उष्ण भागात जास्त रमतं. आपलं बेळगाव साडेसातशे मीटरवर, रात्री गार, म्हणून इथं जांभळ्या जातीचं बरं. दोन पिवळी रोपं गळ्यात मारून त्यांना जास्त पैसे करता आले असते. तसं न करणाऱ्या माणसाकडं मी पुन्हा पुन्हा जाईन.

जांभळ्याचं कलम मला दीडशेला पडलं. बियांचं रोप निम्म्याहून स्वस्त होतं, तरी कलमच घ्या. खाली पिवळ्याचा खुंट, म्हणजे मुळांकडचा भाग, आणि त्यावर जोडलेली जांभळ्याची काडी. मर रोग (वेल सुकवणारा) आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) यांना पिवळ्याची मुळं जास्त दाद देत नाहीत आणि वेल दगावतो तो बहुतेक मुळाकडूनच. काकांनी पट्टी गुंडाळलेला सांधा बोटानं दाखवला आणि त्याच्या खालचा कोवळा फुटवा माझ्यासमोर नखानं खुडला. हे काम घरीही चालू ठेवायचं, नाहीतर खुंटाचीच फूट जोर धरते आणि वरचं कलम मागं पडतं. सांधा मातीत गाडायचा नाही, हेही बजावून सांगितलं.

'कावेरी'बद्दलही विचारलं. कोडगूच्या चेट्टळ्ळी केंद्रात जांभळ्या-पिवळ्याच्या संकरातून काढलेली ही जात. "सध्या नाही," एवढंच सरळ उत्तर मिळालं. दुसरंच काही त्या नावावर खपवलं नाही.

तक्रारी दोन. कलमं पिशवीत फार दिवस ठेवतात. माझ्या रोपाच्या मुळ्या तळाशी गोल फिरलेल्या होत्या, त्या हलक्या हातानं सोडवून लावावं लागलं. घेताना पिशवीचा तळ बघा, मुळ्या बाहेर डोकावत असतील तर दुसरं मागा. आणि चिठ्ठी कुठल्याच रोपाला नाही. काका नसले की कामावरच्या पोरांना कलम कुठलं आणि बियांचं कुठलं ते सांगता येत नाही. रंगाचा एक ठिपका मारला तरी पुरे होईल.

मांडवाचं सामान मात्र बाहेरून घ्या. तिथल्या बांबूच्या ताटीला हा भार पेलायचा नाही. आम्ही लोखंडी पाइप उभे करून जाड जीआय (जस्ताचा थर दिलेली) तार ओढलीय.

मिरगाच्या सरींनंतर लावलेला वेल पुढच्या उन्हाळ्यात फुलला. कृष्णकमळाच्याच कुळातलं फूल ते, पांढऱ्या-जांभळ्या झालरीचं. जांभळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, म्हणून सकाळी लवकर बघायचं. मोठा काळा भुंगा मधासाठी झालरीवर उतरला की वरचे परागकोष त्याच्या पाठीला घासतात आणि पाठ पिवळी होते. अंगानं एवढा मोठा म्हणूनच हे काम त्याला जमतं. फुलं असताना औषध फवारू नका, भुंगे गेले की फळंही कमी. भर पावसातली फुलं आमच्याकडं वाया गेली, कारण पराग भिजला की फुटतो.

फळ तोडायचं नाही, पिकलं की आपणच खाली पडतं. साल थोडी सुरकुतली की गोडी वाढते. सरबताला दोन-तीन फळांचा गर, साखर आणि चिमूटभर मीठ पुरतं.

बहार संपल्यावर छाटणी करा, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. छाटायचं कुठून ते कळत नसेल तर वेलाचा फोटो घेऊन काकांकडं जा. माझ्या मोबाइलवर त्यांनी बोट ठेवून एकेक फांदी दाखवली, आणि त्या दिवशी मी काहीच विकत घेतलं नव्हतं.