लुईझियाना : कलेची गोडी नसलेल्या मित्रालाही आवर्जून न्यावे असे संग्रहालय

कोपनहेगनहून हेलसिंगॉरकडे जाणाऱ्या किनारी रेल्वेने साधारण ३५ मिनिटांत हुमलेबेक नावाचे छोटे स्थानक येते आणि तेथून दहा-पंधरा मिनिटे पायी गेल्यावर लुईझियाना आधुनिक कला संग्रहालय लागते. डेन्मार्कच्या सहलीत त्यासाठी एक दिवस राखावा का, असे अनेक जण विचारतात, म्हणून माझे मत आधीच नोंदवते. बरोबरच्या सर्वांना आधुनिक कलेत सारखाच रस नसेल, तर त्या मंडळींना घेऊन जाण्यासाठी याहून योग्य संग्रहालय मी युरोपात पाहिलेले नाही.

आमच्या चौघांत एक वास्तुविशारद होता, एक मैत्रीण नोकरीनिमित्त कोपनहेगनलाच स्थायिक झालेली होती आणि शाळेपासूनचा एक मित्र असा होता, की ज्याने गाडीतच सांगून टाकले, "मला ही चित्रे कळत नाहीत, तुम्ही निवांत पाहून या, मी बागेत बसतो." इतर संग्रहालयांत अशा माणसाची दुसऱ्या तासाला काय अवस्था होते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. एकामागून एक बंदिस्त दालने येत राहतात, पाय दुखू लागतात आणि अखेर चित्रांपेक्षा बाकाचाच शोध सुरू होतो. लुईझियानामध्ये तसे होत नाही आणि त्याचे कारण या वास्तूच्या रचनेतच आहे.

संग्रहालयात शिरताना आपण १८५५ साली बांधलेल्या एका जुन्या घरात पाऊल टाकतो. चीजचा घाऊक व्यापार करणाऱ्या क्नुड येन्सन यांनी ही मालमत्ता विकत घेतली आणि १९५८ मध्ये येथे संग्रहालय सुरू केले. घराच्या मूळ मालकाच्या तिन्ही पत्नींचे नाव लुईझ होते, त्यावरून पडलेले नाव येन्सन यांनी तसेच राहू दिले. यॉर्गन बो आणि व्हिल्हेल्म वोलर्ट या वास्तुविशारदांना त्यांनी तीन अटी घातल्या होत्या. प्रवेश जुन्या घरातूनच व्हावा, पुढचे एक दालन आतल्या बाजूच्या तळ्याकडे उघडावे आणि त्याही पुढे, जेथे जमीन समुद्राच्या कड्यापाशी संपते, तेथे स्वीडनच्या दिशेने पाहत बसण्याची सोय असावी. या अटी कशा पाळल्या गेल्या, हे चालता चालताच उमगते. पांढरा रंग दिलेल्या विटांच्या भिंती, पायाखाली गडद तांबड्या फरश्या, डोक्यावर लाकडी छत आणि बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच, अशा लांब मार्गिकांमधून आपण एका दालनातून दुसऱ्या दालनात जातो आणि मधल्या त्या पंधरा-वीस पावलांत डोळ्यांसमोर फक्त झाडे आणि हिरवळ असते. आमचा वास्तुविशारद मित्र चित्रांइतकाच वेळ या मार्गिकांत रेंगाळला, आणि त्याचे मुळीच चुकले नाही. जुनी झाडे तोडण्याऐवजी मार्गिकेलाच वळण देण्याचा संयम आपल्याकडच्या किती बांधकामांत दिसतो?

प्रदर्शनांची आखणीही अशाच समजुतीने होते. येन्सन यांनी त्यासाठी सौनाची, म्हणजे गरम खोलीत घाम काढण्याच्या स्नानाची, उपमा वापरली होती. सौनामध्ये उष्ण आणि थंड आळीपाळीने येते, तसे प्रेक्षकाला ओळखीच्या, ओढ लावणाऱ्या कलाकृतींबरोबर अनोळखी आणि अवघड कलाकृतीही पाहायला मिळाव्यात, म्हणजे एकीच्या ओढीने आलेला माणूस दुसरीपाशीही थबकेल, असा त्यांचा विचार होता. आरंभी फक्त डॅनिश कलेसाठी योजलेले हे संग्रहालय, येन्सन १९५९ साली जर्मनीतील कासेलचे डॉक्युमेंटा प्रदर्शन पाहून आल्यानंतर, आंतरराष्ट्रीय झाले. आज संग्रहात ४,००० हून अधिक कलाकृती आहेत. अर्थात त्या सर्व एकाच वेळी मांडलेल्या नसतात, त्यामुळे एखादे विशिष्ट चित्र पाहण्याच्या हेतूने जाणाऱ्यांनी ते सध्या मांडलेले आहे का, याची चौकशी आधी करावी.

या भेटीतले सर्वांत मोठे आकर्षण माझ्या मते अल्बेर्तो जाकोमेत्ती यांचे दालन हे आहे. दुप्पट उंचीच्या या दालनाची एक बाजू पूर्ण काचेची असून पलीकडे तळे आणि पाण्यावर झुकलेली झाडे दिसतात. त्या काचेसमोर १९६० सालचा ब्राँझचा 'चालणारा माणूस' उभा आहे. जवळ गेल्यावर धातूवर शिल्पकाराच्या बोटांनी चिमटल्यासारखे, खरवडल्यासारखे खळगे दिसतात. देह काडीसारखा कृश असला, तरी पावले मात्र जड, रुंद आणि खालच्या पट्टीला घट्ट चिकटलेली आहेत. बागेत बसायला निघालेला आमचा मित्र येथे बराच वेळ थांबला आणि म्हणाला, "अरे, याचे पाय एवढे मोठे का ठेवले असतील?" त्यावर वास्तुविशारद मित्राने त्याला गुडघे टेकून खालून पाहायला लावले आणि मग दोघेही भार, तोल, थकवा आणि चालत राहणे यांबद्दल बोलत राहिले. कलासमीक्षेतला एकही शब्द त्यांनी वापरला नाही, तरीही शिल्पाविषयी इतके नेमके बोलणे मी क्वचितच ऐकले आहे.

यायोई कुसामा यांची २००८ सालची आरशांची खोली आज बहुधा सर्वांत लोकप्रिय आहे. भिंती आणि छत आरशांचे, जमिनीच्या जागी पाणी आणि मधल्या छोट्या फलाटावर उभे राहिल्यावर सभोवती रंग बदलत अंतहीन लटकणारे दिवे, अशी तिची रचना आहे. आत एका वेळी मोजकेच लोक जाऊ शकतात, त्यामुळे रांग गृहीत धरावी लागते, आणि म्हणून दालने उघडताच आधी तेथे जाणे सोयीचे ठरते. फोन बाजूला ठेवून आत उभे राहावे, असा माझा आग्रह आहे, कारण छायाचित्रात दिवे येतात, खोली येत नाही.

बागेला स्वतंत्र वेळ द्यायलाच हवा. हेन्री मूर यांचे ब्राँझ शिल्प समुद्राच्या पार्श्वभूमीवर पाहता येते, रिचर्ड सेरा यांनी घळीत बसवलेले पोलादी पत्रे उतारावरून चालत शोधावे लागतात आणि उपाहारगृहाच्या गच्चीवर शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांची शिल्पे आहेत, ज्यांचे वरचे भाग वाऱ्याबरोबर सावकाश फिरतात. या गच्चीवरून ओरेसुंड सामुद्रधुनीपलीकडचा स्वीडनचा किनारा दिसतो. येथील खाणे डेन्मार्कच्या एकूण दरांना साजेसे महाग आहे, हे खर्चाचा अंदाज बांधताना लक्षात घ्यावे.

गटाने जाणाऱ्यांसाठी आणखी एक मोठी सोय आहे. १९९१ मध्ये भूमिगत दालने जोडली गेल्यापासून संपूर्ण संग्रहालयाचे एक वर्तुळ पूर्ण झाले आहे, त्यामुळे प्रत्येकाने आपापल्या गतीने पाहिले तरी शेवटी सगळे सुरुवातीच्या ठिकाणीच येऊन पोहोचतात, आणि वाटेत समुद्राकडचे उपाहारगृह भेटण्यासाठी आहेच. लहान मुले बरोबर असतील, तर त्यांच्यासाठी रंग आणि मातीकामाच्या कार्यशाळा असलेला तीन मजल्यांचा वेगळा विभाग आहे आणि १८ वर्षांखालील सर्वांना प्रवेश विनामूल्य आहे.

काही सहली हे संग्रहालय आणि हेलसिंगॉरचा क्रोनबोर्ग किल्ला एकाच दिवसात उरकतात. मी तसे करण्याचा सल्ला देणार नाही, कारण दोन तासांच्या धावपळीत मार्गिका, बाग आणि गच्ची ही तिन्ही सुटतात आणि उरतात ती कोणत्याही संग्रहालयात असतात तशी दालने. सोमवारी संग्रहालय बंद असते, तर मंगळवार ते शुक्रवार ते सकाळी ११ पासून रात्री १० पर्यंत उघडे असते. शनिवार-रविवारी ते संध्याकाळी ६ ला बंद होते आणि गर्दीही अधिक असते, म्हणून मधल्या वारी दुपारपूर्वी पोहोचून रात्रीचे जेवण तेथेच घ्यावे आणि परतीच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.